पेंट मारलेल्या किचनच्या भिंतीवर टाइल लावताय? मग आधी पेंट तपासा

आमच्या घरी ओट्यामागच्या भिंतीला हिरवा ऑइल पेंट होता, मिस्त्रीने त्याच्यावरच सिमेंटचा माल लावून टाइल बसवून दिल्या आणि सहा महिन्यांनी एका रात्री तीन टाइल धाडकन गॅसवर. उचलून पाहिलं तर टाइलमागचं सिमेंट काचेसारखं गुळगुळीत, भिंतीवरचा पेंट जसाच्या तसा. म्हणजे सिमेंटने पेंटला धरलंच नव्हतं. दुसऱ्यांदा मी स्वतः लावल्या, तेच सांगून राहिलो.

आधी पेंट कोणता ते बघा. ओलं फडकं घासलं आणि रंग फडक्यावर आला तर तो डिस्टेंपर, सरळ प्लास्टरपर्यंत खरवडून काढा, दुसरा इलाज नाही. रंग आला नाही तर कटरने फुलीसारख्या चिरा मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पापुद्रे निघाले किंवा खालून पांढरी पुट्टी भुसभुशीत निघाली तर तेही खरवडायचं. किल्लीने ठोकून बघा, जिथे पोकळ आवाज येईल तिथलं प्लास्टरच सुटलंय, ते आधी दुरुस्त करून वाळू द्या.

पेंट पक्का असेल तर तो ठेवता येतो, पण तेल काढावं लागेल. आपल्याकडे सावजीच्या तर्रीचा थर भिंतीवर बसलेला असतोच! गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून घासा, साध्या पाण्याने पुसा, वाळू द्या, मग ६० नंबरच्या सँडपेपरने चमक जाईपर्यंत घासा. त्यानंतर छन्नी-हातोडीने दर दोन इंचांवर टाचे मारा, आतलं प्लास्टर दिसलं पाहिजे. कंटाळवाणं काम आहे, पण टाइल टिकते ती ह्याच्यावरच. घरातल्या पेंटमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीचा पेंट असेल तर मास्क लावा, भिंत ओली करून घासा आणि पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

आता माल. साधं सिमेंट नको, टाइल अॅडेसिव्ह आणा, बॅगवर आयएस १५४७७ (टाइल अॅडेसिव्हचं भारतीय मानक) आहे का आणि पेंटवर चालतं असं लिहिलंय का ते वाचून घ्या. ८ फूट लांब, २ फूट उंच डॅडो (ओट्यामागची टाइलची पट्टी) म्हणजे १६ चौरस फूट, त्याला २० किलोची एक बॅग भरपूर होते. टाइल १० टक्के जास्त घ्या, कापताना फुटतातच. अॅडेसिव्हला टाइल भिजवायच्या नसतात, फक्त मागची धूळ पुसा.

बादलीत आधी पाणी, मग पावडर, घोटून दहा मिनिटं ठेवा, परत घोटा. नंतर घट्ट झालं म्हणून वरून पाणी टाकू नका. ओटा सरळ असेलच असं नाही, म्हणून लेव्हलने आडवी रेघ मारून घ्या. दातेरी थापीने एका वेळी दोन-तीन टाइलपुरताच माल लावा, ओळी एकाच दिशेने ओढा, टाइल दाबून थोडी सरकवा, मधे फट सारखी राहावी म्हणून २ एमएमचे स्पेसर (प्लास्टिकचे छोटे तुकडे) ठेवा. पहिली टाइल काढून मागे बघा, माल सगळीकडे लागला नसेल तर दाब कमी पडतोय. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, हे काम काढूच नका बावा, आणि काढलंच तर सकाळी करा आणि कूलरचा वारा भिंतीवर नको, मालावर साय धरते. बोटाला चिकटत नसेल तर खरवडून नवीन लावा.

स्विचबोर्डजवळ काम करताना मेन बंद. टाइलच्या जाडीमुळे जुने स्क्रू आखूड पडतात, लांब आणून ठेवा.

२४ तासांनी स्पेसर काढून टाइलमधल्या फटीत ग्राउट (फटी बुजवायचा माल) भरा. गॅसमागे इपॉक्सी ग्राउट घ्या, महाग आहे पण हळदीचे डाग धरत नाही. ओटा आणि टाइलच्या जोडात मात्र ग्राउट नको, तिथे सिलिकॉन, नाहीतर तो सांधा चिरतो आणि सिंकचं पाणी मागे मुरतं. सिलिकॉन एक दिवस वाळू द्या, तोवर डबा बाहेरून.