महागडी स्पीकर-वायर घेण्यापूर्वी घरी करावयाची पारख
पणजी किंवा मडगावच्या एखाद्या दुकानात हजारो रुपयांची स्पीकर-वायर दाखवून ‘हिने आवाज खुलतो’ असे कोणी सांगितल्यास प्रथम साधे गणित करावे. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध (विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा) दर मीटरला सुमारे ०.०१२ ओहम असतो. म्हणजे पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन ०.१२ ओहम, जो आठ ओहमच्या स्पीकरपुढे नगण्यच आहे.

तरीही शंका उरल्यास परतीच्या बोलीवर वायर आणावी आणि आपल्याला दिसणार नाही अशा रीतीने ती आणि आपली साधी वायर आलटून-पालटून जोडण्याचे काम घरातील कोणाकडे तरी सोपवावे. दर खेपेला कोणती वायर जोडायची हे नाणेफेकीने ठरवावे, कारण माणूस नकळत क्रम लावतो. स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर (विजेचा दाब मोजणारे उपकरण) लावून दोन्ही वेळची आवाजाची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळवणे अत्यावश्यक आहे. किंचित मोठा आवाज कानाला सरस भासतो, आणि दुकानातील बरेचसे चमत्कार इथेच घडत असावेत, असा माझा संशय आहे. १६ पैकी किमान १२ वेळा वायर अचूक ओळखता आली, तरच दाव्याचा विचार करावा. निव्वळ अंदाजाने इतके जमण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते.

किनाऱ्यालगतच्या घरांत खारी, दमट हवा तांब्यावर हिरवट थर चढवते. म्हणून पावसाळ्यानंतर अ‍ॅम्प्लिफायर बंद करून वायरीची टोके कापावीत व नव्याने सोलून घट्ट बसवावीत. उरलेल्या पैशांतून फरशी आणि काचेच्या खिडक्यांनी घुमणाऱ्या खोलीसाठी जाड पडदे व गालिचा घ्यावा. तो फरक ओळखायला नाणेफेक लागत नाही.