एनएफएसला आरडीएमए जोडायचं कसं, आणि नेमकं कुठे अडकतं

एनएफएस म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्या मशीनवर वापरायची सोय, आणि आरडीएमए म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता नेटवर्क कार्डानंच डेटा थेट समोरच्या मशीनच्या मेमरीत ठेवणं. आरडीएमए चालू करणं हे चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे. तीन-चार मशीन एकदम कामाला लागल्यावरही ते नीट चालावं, यात मात्र माझा अख्खा पावसाळा गेला. ‘पॅकेज टाका, माउंट करा, झालं’ असं सांगणाऱ्यांनी बहुतेक वेळा एका मशीनवरून एक फाइल कॉपी करून बघितलेली असते. तुम्हालाही तेवढंच करायचं असेल तर पुढचं वाचू नका.

माझी मांडणी सांगतो, म्हणजे आकडे कळतील. बेळगावात उद्यमबागेत फाउंड्र्यांना कास्टिंगचं सिम्युलेशन करून देणारं एक छोटं ऑफिस आहे, तिथलं नेटवर्क मी सांभाळतो. एनव्हीएमई डिस्कवाला एक लिनक्स सर्व्हर, तीन वर्कस्टेशन आणि मध्ये २५ गिगाबिटचा स्विच. एकेका रनचा निकाल वीस-तीस गिगाबाइटचा, आणि संध्याकाळी घरी जायच्या घाईत तिघंही एकदमच सेव्ह मारतात. हे ‘एकदमच’ लक्षात ठेवा.

कमांडची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर ती इंग्रजी अक्षरांत टाकायची, हे सांगायला नको.

आधी, हे हवंय का?

सर्व्हरमध्ये फिरत्या हार्ड डिस्क असतील तर नको. अशी एक डिस्क सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट देते, तिला आरडीएमए लावणं म्हणजे बैलगाडीला फॉर्म्युला वनचं टायर. तुमचं काम हजारो बारक्या फाइलींचं असेल तरी फार अपेक्षा ठेवू नका, कारण तिथे वेळ फाइल उघडण्या-मिटण्यात जातो, डेटा वाहण्यात नाही. आणि लिनक्स कर्नल ५.३ किंवा पुढचं असेल तर आधी साध्या टीसीपी माउंटला (म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं जोडलेल्या फोल्डरला) ‘एन-कनेक्ट’ हा पर्याय लावून बघा. एकाऐवजी चार-आठ कनेक्शन उघडली की कित्येकांचं दुखणं तिथेच थांबतं, पैसेही वाचतात.

डिस्क वेगवान, फाइली मोठ्या, आणि कॉपी चालू असताना सीपीयूचे कोर डेटा इकडून तिकडे करण्यातच खपतायत, असं असेल तर मात्र आरडीएमए घ्या. टीसीपीत कार्डाकडून आलेला डेटा कर्नलच्या बफरात पडतो आणि तिथून सीपीयू तो पुन्हा उचलून जागेवर ठेवतो. आरडीएमएत कार्ड तो थेट समोरच्याच्या मेमरीत नेऊन ठेवतं. मधली उचल-ठेव बंद.

कार्ड

दोन्ही टोकांना एकाच जातीचं. इथरनेटवर आरडीएमए चालवायच्या दोन जाती आहेत: आरओसीई, ज्याला सगळे ‘रॉकी’ म्हणतात, आणि आयवॉर्प. त्यांचं एकमेकांशी जमत नाही. आयवॉर्प टीसीपीवर चालतं, त्यामुळे स्विचची कटकट कमी, पण कार्डांची निवडही कमी. सेकंडहँड घेताना एक बघा: मेलानॉक्सचं साधं कनेक्टएक्स-३ फक्त रॉकीची पहिली आवृत्ती बोलतं, दुसरी हवी तर ‘३ प्रो’ किंवा ‘४’. मी ‘४ एलएक्स’ वापरतो.

स्लॉटही बघा. जुन्या मदरबोर्डवर लांबलचक दिसणारा दुसरा स्लॉट आतून चारच लेनचा असतो. तो दुसऱ्या पिढीचा पीसीआय-एक्स्प्रेस असेल तर १६ गिगाबिटलाच दम लागतो, मग २५ चं कार्ड लावून उपयोग काय? ‘एलएसपीसीआय’ला दोन व्ही लावून लिंकची खरी रुंदी वाचा.

एमटीयू

एमटीयू म्हणजे एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट. सगळीकडे ९०००, स्विचसकट. इथरनेटचा एमटीयू १५०० ठेवला तर रॉकीचा १०२४ वर बसतो, ९००० केला की ४०९६ वर जातो. ‘आयबीव्ही-डेव्हइन्फो’ चालवा, ‘ॲक्टिव्ह एमटीयू’ समोर ४०९६ दिसलं पाहिजे.

सर्व्हर आणि माउंट

सर्व्हरवर ‘एनएफएस.कॉन्फ’मध्ये एनएफएसडीच्या भागात आरडीएमए चालू करा, पोर्ट २००४९. क्लायंटवर माउंट करताना ‘प्रोटो’ आरडीएमए, पोर्ट तोच. ‘एनएफएसस्टॅट’ला वजा एम लावून प्रोटोसमोर आरडीएमए दिसतंय का बघा. दिसलं की ही पायरी संपली, आणि बहुतेक मार्गदर्शकही इथेच संपतात.

स्विच

आता बसा.

रॉकीची दुसरी आवृत्ती म्हणजे इन्फिनिबँड या आरडीएमएच्या वेगळ्या नेटवर्कचा माल यूडीपीच्या पोत्यात, पोर्ट ४७९१. यूडीपीला पॅकेट हरवल्याचं सोयरसुतक नसतं, ती काळजी कार्डाची. आणि कार्डाची मूळ रीत अशी की मधलं एक पॅकेट चुकलं की तिथपासून पुढचं सगळं परत पाठवायचं. टीसीपीला थोडी गळती पचते. रॉकीला पचत नाही, थोडीशी गळती झाली तरी वेग बसतो. म्हणून स्विचला सांगावं लागतं की या मालातलं काही टाकायचं नाही, जागा भरत आली तर पाठवणाऱ्याला थांबव. हे थांबवणं म्हणजे पीएफसी, प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल. आठ रांगांपैकी एकाच रांगेला थांबवता येतं, रांगा ० ते ७ अशा मोजतात, प्रथा ३ क्रमांकाची आहे; पुढे ‘तिसरी रांग’ म्हणजे हीच.

मी स्विचवर तिसऱ्या रांगेचं पीएफसी चालू केलं. कार्डांवरही केलं. पहिले पंधरा दिवस मी ऑफिसात हिरो होतो, एका मशीनवरून सेकंदाला अडीच गिगाबाइटच्या पुढे जात होतं. पण संध्याकाळी तिघांनी सेव्ह मारलं की वेग असा बसायचा की जुना टीसीपी बरा वाटावा. केबल बदलल्या. डिस्कवर संशय घेतला. फर्मवेअर चढवलं. हाताखालचा पोरगा रोज तेच म्हणायचा, “सर, पोर्टचा लाइट लागलाय की. अजून काय पाहिजे त्याला?”

लाइट लागला होता, पण गाड्या भलत्याच रांगेत होत्या. पॅकेट कुठल्या रांगेचं हे कार्ड दोन प्रकारे ठरवतं: व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टॅगमधल्या तीन बिटांवरून, नाहीतर आयपी हेडरमधल्या डीएससीपी या प्राधान्याच्या आकड्यावरून. माझं कार्ड पहिल्या प्रकारावर होतं आणि माझ्या नेटवर्कात व्हीलॅन टॅग नव्हताच. टॅग नाही म्हणजे सगळं शून्य रांगेत. तिसऱ्या रांगेत न गळण्याची सगळी सोय करून ठेवलेली, आणि माल चाललाय शून्यातून. एकटं मशीन असताना गर्दीच होत नाही, म्हणून चूक दिसतही नाही.

कार्ड डीएससीपीवर आणलं. तरी तेच. इथे माझी दुसरी चूक, आणि ही मी नंतर दुसऱ्यांच्या सेटिंगमध्येही बघितली आहे. रॉकीसाठी डीएससीपी २६ वापरतात, म्हणून मी कर्नलच्या ‘डिफॉल्ट रॉकी टोस’ या फाइलीत २६ लिहिलं. तिथे डीएससीपी नाही, पूर्ण आठ बिटांचा टोस लिहायचा असतो. डीएससीपी त्यातले वरचे सहा बिट. म्हणजे २६ गुणिले ४, १०४. नुसतं २६ लिहिलं तर त्याचा डीएससीपी होतो ६, आणि ६ पुन्हा शून्य रांगेतच जातो. कुठेही एरर येत नाही. कोणी काही बोलत नाही. १०४ लिहिल्यावर अनमाउंट करून परत माउंट करा, कारण आधी उघडलेलं कनेक्शन जुनंच मूल्य धरून बसतं.

आणि हे प्रत्येक क्लायंटवर करायचं, नुसतं सर्व्हरवर नाही. एनएफएसमध्ये क्लायंट सेव्ह करतो तेव्हा तो डेटा ढकलत नाही. तो फक्त कळवतो की माझ्या मेमरीत अमुक जागी माल ठेवलाय, आणि सर्व्हर येऊन तो ओढून नेतो. ओढतो सर्व्हर, पण पॅकेट निघतात क्लायंटच्या कार्डातून, आणि कनेक्शन उघडणाराही क्लायंटच. तिघांकडून मिळून ७५ गिगाबिटची धार सर्व्हरच्या २५ च्या एका पोर्टवर येते. सगळी रेटारेटी तिथे.

तर क्रम असा. स्विचवर डीएससीपीवर विश्वास ठेवायला सांगा, २६ ला तिसऱ्या रांगेत टाका, पीएफसी फक्त तिसऱ्या रांगेवर. आठही रांगांवर चालू करा असा सल्ला फिरतो, तो कचऱ्यात टाका. मग प्रत्येक मशीनच्या कार्डावर ‘एमएलएनएक्स-क्यूओएस’ने ट्रस्ट डीएससीपीवर, पीएफसी तिसऱ्यावर, आणि त्या आधीच्या फाइलीत टोस १०४.

त्याच रांगेवर ईसीएनसुद्धा लावा, आणि त्याची मर्यादा पीएफसीच्या आधी लागेल अशी ठेवा. ईसीएन पाठवणाऱ्याला ‘जरा हळू’ म्हणतं, पीएफसी सरळ ‘थांब’ म्हणतं. नुसत्या पीएफसीवर राहिलात तर काय होतं हे टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी उभं राहून बघा. गेट पडलं की पलीकडे जाणारे थांबतात ते ठीक, पण अलीकडच्याच गल्लीत वळायचं असलेलाही त्याच रांगेत हॉर्न वाजवत बसतो. एक सुस्त मशीन असंच बाकीच्यांना अडकवतं.

तपासणी एका मशीनवर करायचीच नाही. तिन्ही वर्कस्टेशनवर ‘आयबी-रीड-बीडब्ल्यू’ हे वेग मोजायचं साधन ऐकत ठेवा आणि सर्व्हरवरून तिघांकडून एकदम ओढा, वेगवेगळ्या पोर्टवर, मोठ्या आरचा पर्याय लावून. तो लावला नाही तर तुमचा १०४ त्या चाचणीला लागूच होत नाही. ओढणं चालू असताना ‘इथटूल’ला वजा मोठा एस लावून बघा: प्रायो-३ चे बाइट धावले पाहिजेत, प्रायो-० चे जवळजवळ जागेवर. मग कार्डाच्या हार्डवेअर काउंटरमधला ‘आउट ऑफ सीक्वेन्स’ बघा. तो आकडा वाढत असेल तर अजून कुठेतरी पॅकेट पडतायत, बाकी कोणी काहीही सांगो. पॉजचा काउंटर अधूनमधून हलला तर हलू दे, सतत पळत असेल तर ईसीएन लागलेलं नाही.

दोनच मशीन असतील तर हा सगळा भाग सोडा, स्विचही विकत घेऊ नका. कार्ड ते कार्ड थेट डीएसी (दोन्ही टोकांना प्लग असलेली तांब्याची) केबल लावा. आणि स्विचवर स्टोरेजशिवाय दुसरं काही नसेलच, तर साधा, सगळ्या पोर्टाला एकदम थांबवणारा फ्लो कंट्रोलही चालतो. जाणकार नाक मुरडतील, पण चार मशीनच्या बंद नेटवर्कात मला त्यात वावगं वाटत नाही.

करंट जाऊन आल्यावर

जुलैत आमच्याकडे पाऊस लागला की लागला. एका दुपारी करंट गेला, यूपीएसनं जेवढं जमलं तेवढं ओढलं आणि मान टाकली. आल्यावर सगळं वर आलं, माउंटही आपोआप आरडीएमएवर झालं, आणि संध्याकाळी पुन्हा तेच रडगाणं. कार्डाचं ट्रस्ट, पीएफसी, टोस, यातलं काहीही रीबूटनंतर टिकत नाही. स्विचवरची सेटिंग मी सेव्ह केली होती, मशीनवरची नाही.

या तीन ओळींची एक स्क्रिप्ट करा आणि तिची सिस्टमडी सर्व्हिस बनवा. ती कार्ड वर आल्यानंतर, पण एनएफएस माउंटच्या आधी चालली पाहिजे. नंतर चालली तर कनेक्शन जुन्या टोसवरच उघडलेलं असेल. मग मुद्दाम एकदा मशीन बंद करून चालू करा आणि प्रायो-३ चा काउंटर परत बघा.

फायरवॉलचं

रॉकीचा माल कार्डातूनच मेमरीत जातो, त्यामुळे त्या मशीनवरच्या आयपीटेबल्सना तो दिसत नाही. पॅकेट बघायच्या साध्या टीसीपीडंपमध्येही दिसत नाही, तेव्हा ‘ट्रॅफिकच नाही’ म्हणून घाबरू नका. पण याचाच अर्थ असा की मशीनवरची फायरवॉल इथे राखण करत नाही. स्टोरेजचं नेटवर्क वेगळं ठेवा, ऑफिसच्या वायफायला त्याच्या आसपास फिरकू देऊ नका, आणि एक्स्पोर्टच्या फाइलीत तारांकन न टाकता एकेक आयपी लिहा.

‘एफएसटॅब’ या माउंटच्या यादीच्या फाइलीत आरडीएमएच्या ओळीखाली जुनी टीसीपीची ओळ पुढे हॅश लावून तशीच राहू द्या, पोर्ट २०४९. कार्ड मेलं आणि निकालांचा डिस्पॅच दुसऱ्या दिवशी सकाळी असला, की रात्री नऊ वाजता तीच ओळ शोधायची असते.