नवीन रेफरींनो, एवढ्या चुका टाळा

मराठवाड्यात तालुका-जिल्ह्याच्या फुटबॉल मॅचेसला शिट्टी वाजवून मला बरीच वर्षं झाली, आणि दरवर्षी दिवाळीनंतर स्पर्धा सुरू झाल्या की नवीन पोरं त्याच त्या चुका करायलेत हे बघून राहवत नाही म्हणून लिहितोय. अर्धे जण फुटबॉलचे १७ च्या १७ नियम पाठ करून येतात आणि मैदानात फौजदारासारखे वागतात, उरलेले म्हणतात मी मॅच मॅनेज करतो, आणि मॅनेज म्हणजे काय तर कार्ड काढायला खिशात हातच घालत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे "आत्ताशी तर मॅच सुरू झालीय" म्हणून पहिला घाणेरडा टॅकल सोडून देणं.

हे मी स्वतः केलंय. परभणी जिल्ह्यातल्या एका गावात फायनल होती, काळ्या मातीचं मैदान वाळून दगडासारखं झालेलं, दोरीच्या बाहेर दोन्हीकडचं पब्लिक. चौथ्या मिनिटाला एका टीमच्या स्टॉपरनं (मधल्या बचावपटूनं) मागून येऊन समोरच्या टीमच्या विंगरच्या (कडेनं पळणाऱ्या खेळाडूच्या) घोट्यावर पाय टाकला, बॉल कवाच गेलता. मी फाऊल दिला आणि पोराला म्हणलं, "पुढच्या वेळी सोडणार नाही बरं का." डोक्यात हेच, की आत्ताच यलो (ताकिदीचं पिवळं कार्ड) काढलं तर शेवटपर्यंत कार्डच काढत बसावं लागंल. विंगरच्या कॅप्टननं विचारलं, "सर, याला काहीच नाही का?" मी म्हणलं, खेळा. मॅच तिथंच माझ्या हातातून गेली, मला कळलं मात्र अर्ध्या तासानं, कारण तोवर दोन्ही टीमनं हिशोब आपापला करायला घेतलता. पस्तिसाव्या मिनिटाला विंगरच्या टीममधल्या एकानं त्या स्टॉपरच्या तोंडावर कोपर मारलं, ओठ फाटला, पब्लिक दोरी ओलांडून आत, वीस मिनिटं मॅच बंद. कोपर मारणाऱ्याला रेड कार्ड देऊन बाहेर काढलं, द्यावंच लागलं. मॅच संपल्यावर त्या पोराचे वडील आले आणि शांतपणे म्हणले, "सर, तुम्ही आधीच कार्ड काढलं असतं तर माझ्या पोरानं हात उचलला नसता." मी काहीच बोललो नाही, ते खरंच बोलत होते.

नियम तर सरळ आहे. निष्काळजीपणानं झालेला फाऊल असेल तर नुसती फ्री किक, समोरच्याला लागेल याची पर्वा न करता केला तर यलो, अंगावर जाऊन जास्तीची ताकद लावली तर रेड. यात मिनिट कितवं हे कुठंच लिहिलेलं नाही. तेव्हापासून मी पहिली १५ मिनिटं बॉलच्या जास्तच जवळ पळतो, दम लागला तरी चालंल.

पण म्हणून कार्ड काढलं की कंट्रोल आला असंही नाही, आणि हे घाईच्या पोरांना काही केल्या पटत नाही. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये न्युरेंबर्गला पोर्तुगाल-नेदरलँड्स मॅच झाली, १६ यलो आणि ४ रेड. सातव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या बुलाहरूझनं पोर्तुगालच्या रोनाल्डोच्या मांडीत बुटाचे स्टड घातले, त्याला यलोवर सोडलं, आणि रोनाल्डो पहिल्या हाफमध्येच दुखापतीनं बाहेर गेला. माझ्या मते ते रेडच होतं. तिथं मोठं कार्ड निघालं असतं तर पुढची निम्मी कार्डं लागलीच नसती असं मला आजही वाटतं. कार्ड किती काढली हे मोजू नका, पहिलं बरोबर काढलं का ते बघा.

बाकी वेळी तोंड वापरा. थ्रो-इन चार पाऊल पुढून घेतला, पोरगं चिडून स्वतःशीच बडबडलं, याला कार्ड लागत नाही, शेजारून पळता पळता "बस झालं आता" म्हणलं तरी पुरतं. सगळ्यांसमोर बोट दाखवून ओरडू नका, आपल्याकडं पोरांना मार लागलेला चालतो, अपमान चालत नाही.

अ‍ॅडव्हांटेज, म्हणजे फाऊल झाला तरी ज्याच्यावर झाला त्याच्या टीमचा फायदा होत असेल तर खेळ चालू ठेवायचा, तिथं शिट्टीची घाई. शिट्टी तोंडात धरून पळू नका, आपोआप वाजते. मी हातात धरतो आणि फाऊल दिसला की मनात एक-दोन मोजतो, फायदा झाला नाही तर मागं येऊन फ्री किक देता येते, नियमानंच ती मुभा दिलीय. मात्र ज्याला आधीच एक यलो आहे त्यानं पुन्हा कार्डाचा फाऊल केला तर समोर गोलचा सरळ चान्स असल्याशिवाय खेळ चालू ठेवू नका, तोच गडी पुढच्या क्षणी आणखी एकाला पाडतो.

गोलकीपरनं बॉल धरून बसणं: ६ सेकंदांचा नियम कितीतरी वर्षं होता, डीमध्ये (गोलसमोरच्या चौकटीत) इनडायरेक्ट फ्री किक द्यायला कुणी धजायचं नाही. म्हणून २०२५ पासून ८ सेकंद आणि समोरच्याला कॉर्नर असं केलंय. शेवटची ५ सेकंद हात वर करून मोजा, म्हणजे भांडण होत नाही.

पेनल्टी दिल्यावर मागं बघत बसू नका, ठरलं की ठरलं.

आणि बेंच, म्हणजे मैदानाबाहेर कोच आणि बदली खेळाडू बसतात ते. २०१९ पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं, तरी आपल्याकडं कोणी दाखवत नाही, कारण बहुतेक वेळा कोच ओळखीचेच असतात. मी एकदा जवळ जाऊन हळू आवाजात "सर, खाली बसा" म्हणतो. दुसऱ्यांदा यलो, मग ते मला शाळेत शिकवलेले सर का असेनात.