रिटायर होऊन परत शाळेत जाताय? पेन्शनच्या या चुका टाळा

नोव्हेंबर आला की साताऱ्यात बँकांमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी लाइन लागते, आणि तिथं कुणीतरी गुरुजी हळूच विचारतातच, मी परत शाळेत जातोय, पेन्शन बंद होईल का हो? मानधनावर जात असाल तर नाही होत, घाबरू नका.

पण ऑर्डर नीट न वाचता हजर होणं ही पहिली चूक. ७ जुलै २०२३ च्या जीआरने झेडपी शाळांत रिटायर शिक्षकांना महिना २०,००० मानधनावर घ्यायचं ठरलं, वयाची अट ७० पर्यंत. ते कंत्राटी, त्यामुळे पेन्शन वेगळी चालू राहते. ऑर्डरमध्ये 'मानधन' नसून वेतनश्रेणीत 'पुनर्नियुक्ती' असं असेल तर मामला वेगळा, तिथं पगार ठरवताना पेन्शन बघतात आणि पेन्शनवरचा महागाई भत्ताही थांबू शकतो, म्हणून सही करायच्या आधी हा एक शब्द शोधाच.

सगळ्यात महागात पडते ती लपवाछपवी. हयातीच्या दाखल्यात पुनर्नोकरीचा रकाना असतो. आमच्या चुलत्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून तिथं 'नाही' लिहिलं, खरं तर मानधनच होतं, लपवण्यासारखं काहीच नव्हतं, पण पुढं खुलासा मागितला आणि ६५ व्या वर्षी माणूस कोरेगावहून साताऱ्याला हेलपाटे घालत बसला. फार वाईट वाटलं बघून. तुम्ही खरं तेच लिहा, ऑर्डरची झेरॉक्स कोषागारात द्या, पोच घ्या आणि ती पोच पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या ऑर्डरच्या) फाइलीत लावून ठेवा.

काहींना वाटतं आणखी दोन-तीन वर्षं शिकवलं की पेन्शन वाढेल. नाही वाढत, कंत्राटी सेवा पेन्शनला धरत नाहीत. विकलेली पेन्शनसुद्धा, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन सोडलेला पेन्शनचा भाग, १५ वर्षांनीच पूर्ववत होणार, तुम्ही परत नोकरी करा नाहीतर करू नका.

टॅक्सचं मात्र खरंच बघा, कोषागार फक्त पेन्शन बघून कापतं, शाळा फक्त मानधन बघून, दोन्हीची बेरीज कुणीच करत नाही आणि रिटर्न भरताना एकदम अंगावर येतं. २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर किती टॅक्स कापला गेला ते दाखवणारा फॉर्म, आधीच काढून बघा.

खाजगी शाळेत पीएफ कापत असतील तर एवढं तपासा, वय ५८ झाल्यावर ईपीएसला (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेला) पैसे जात नाहीत, शाळेचा सगळा हिस्सा पीएफमध्येच पडायला हवा. क्लार्क जुन्याच पद्धतीने भरत राहिला तर पुढं पैसे काढताना क्लेम अडकतो, म्हणून पहिल्या महिन्यातच पीएफचं पासबुक उघडून बघा.