गोव्यात आफ्रो-ब्राझिलियन परंपरांचे निवासी शिबिर कसे भरवावे

आफ्रो-ब्राझिलियन परंपरांचे निवासी शिबिर भरवायचे ठरले, की जागा आणि तारखा शोधण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून काढावी: या पाच दिवसांत आपण काय शिकणार आहोत आणि कशाला हात लावणार नाही. आमच्या पहिल्या शिबिराच्या वेळी ही स्पष्टता माझ्यापाशी नव्हती. शेवटच्या रात्री ओरिशांचे, म्हणजे कान्दोम्ब्ले या धर्मातील देवतांचे, वेष करून समुद्रकिनाऱ्यावर नृत्य होईल, असे मी पत्रकात छापून बसलो होतो. ब्राझीलमधील बाहिया राज्यातून आलेल्या आमच्या शिक्षिकेला आदल्याच दिवशी मी साळ गावच्या गड्यांविषयी, म्हणजे शिगम्यात ज्यांच्या अंगात येते त्या पुरुषांविषयी, सांगितले होते. पत्रक वाचून त्यांनी शांतपणे विचारले, "तुमच्या गड्यांवर येणारा भार तुम्ही हॉटेलातल्या पाहुण्यांसमोर करून दाखवाल का?" ते नृत्य आम्ही त्याच दिवशी रद्द केले.

तेव्हापासून आमची विभागणी ठरलेली आहे. कपोएरा ही नृत्यासारखी खेळली जाणारी लढतीची कला, साम्बा दे होदा हे वर्तुळातले नृत्य, वाद्ये आणि स्वयंपाक यांचा प्रत्यक्ष सराव करावा. कान्दोम्ब्ले मात्र समजून घेण्याचा विषय आहे, करून पाहण्याचा नव्हे. त्याची दीक्षा घेतलेली व्यक्ती स्वतःहून बोलायला तयार असेल तर तिचे एक व्याख्यान ठेवावे. सोळा कवड्या टाकून कौल घेण्याची जी पद्धत त्या धर्मात आहे, ती शिबिरार्थींचे भविष्य सांगण्यासाठी शुल्क लावून मांडणे हे मला सर्वस्वी अनुचित वाटते.

पहिली संध्याकाळ इतिहासाला द्यावी. व्यायामासाठी आलेल्या मंडळींना ती कंटाळवाणी होईल अशी भीती आयोजकांना वाटते, पण हा भाग गाळला तर पुढचे सगळे नुसत्या कवायती होऊन राहतात. सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये उतरवण्यात आली आणि तेथील गुलामगिरी कायद्याने संपली ती १३ मे १८८८ रोजी. त्यानंतर दोनच वर्षांत, १८९० च्या दंडसंहितेने कपोएरा खेळणे हा गुन्हा ठरवला. मेस्त्रे, म्हणजे गुरू, बिंबा यांनी १९३२ मध्ये बाहियातीलच साल्वादोर शहरात कपोएराची शाळा उघडली, तर बाहियातील कान्दोम्ब्लेच्या देवस्थानांना १९७६ पर्यंत पोलिसांच्या परवान्याची अट होती. गोव्याच्या श्रोत्यांना हे परके वाटत नाही, कारण पोर्तुगीज जहाजांनी मोझांबिकहून गुलाम इथेही आणले आणि आपल्या डोंगरांवरचा काजू मूळचा ब्राझीलचा आहे. मालदीवच्या कवड्या पश्चिम आफ्रिकेत चलन म्हणून जात आणि त्यांच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात, हे ऐकताना देवीच्या कवड्यांची माळ पाहत वाढलेले आमचे शिबिरार्थी गंभीर झाले होते.

शिक्षक निवडताना त्यांचे गुरू कोण आणि ते कोणत्या परंपरेत शिकले, हे विचारायला संकोच करू नये. आपल्याकडे भजनी बुवांना आपण हेच विचारतो. परदेशी शिक्षकाला मानधन द्यायचे असेल तर पर्यटन व्हिसा चालत नाही, म्हणून ही तयारी बरीच आधी सुरू करावी आणि निवासाच्या मालकाने परदेशी पाहुण्याची सरकारकडे नोंद चोवीस तासांत केली की नाही, हे स्वतः पाहावे. भारतात स्थायिक असलेले चांगले शिक्षक मिळाले तर उत्तमच.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. जागा किनाऱ्यावरच हवी हा आग्रह मी सोडला आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे समुद्री कासवांचे विणीचे किनारे असल्याने तिथे रात्री दिवे आणि ढोल योग्य नाहीत, आणि उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक कुठेच लावता येत नाही. फोंडा किंवा डिचोलीकडचे कुळागरातले, म्हणजे सुपारीच्या बागेतले, घर, त्यापुढे सारवलेले किंवा सपाट लाद्यांचे अंगण आणि बारा ते सोळा माणसे एवढे पुरते. नोंदणीच्या वेळीच गुडघे, कंबर, रक्तदाब आणि गर्भारपण यांची माहिती लेखी घ्यावी आणि १०८ ची रुग्णवाहिका त्या घरापर्यंत येऊ शकेल का, हे रस्ता पाहून ठरवावे.

सकाळचा वर्ग साडेसहाला सुरू करावा. पहिले दोन दिवस केवळ जिंगा, म्हणजे त्रिकोणात मागे-पुढे डोलत टाकायची मूळ पावले, शिकवावीत. उलट्या उड्या तरुणांना आकर्षक वाटतात, परंतु चाळिशी ओलांडलेल्यांचा खरा लाभ या डोलण्यात आणि जमिनीलगतच्या संथ हालचालींत आहे, कारण तोल, श्वास आणि समोरच्या माणसाकडे लक्ष या तिन्हींना एकाच वेळी वळण लागते. खेळाच्या वर्तुळाला होदा म्हणतात आणि युनेस्कोने २०१४ मध्ये त्याचा मानवतेच्या अमूर्त वारशात समावेश केला. आमच्याकडे मी एवढेच सांगतो की हा मांड, म्हणजे आपल्या लोकनृत्यांची पवित्र जागा, आहे असे समजा: चपला बाहेर ठेवा, वर्तुळ मध्येच ओलांडू नका, खेळण्यापूर्वी वाद्याच्या पायाशी उकिडवे बसा.

ते वाद्य म्हणजे बेरिंबाउ. साधारण चार-पाच फुटांची वाकवलेली काठी, तिला ताणलेली एक पोलादी तार आणि खाली दोरीने बांधलेला पोकळ भोपळा. ती दोरी करंगळीवर पेलून धरावी लागते, त्यामुळे पाचच मिनिटांत करंगळी लाल होते. भोपळ्याचे तोंड पोटाला लावले की नाद दबतो, दूर नेले की मोकळा होतो. खेळाची लय हेच वाद्य ठरवते, म्हणून रोज दुपारी अर्धा तास सर्वांनी ते हातात घ्यावे, न खेळणाऱ्यांनीही.

संध्याकाळी साम्बा दे होदा ठेवावा. फुगडी घातलेल्या बायकांना तो सर्वात आधी जमतो: वर्तुळात एकजण नाचते आणि पुढचीला पोटाच्या हलक्या धक्क्याने आत बोलावते. टाळ्या आणि ताटलीवर सुरी घासून काढलेला आवाज एवढे साथीला पुरते.

स्वयंपाकघरात अळसांदे, म्हणजे चवळी, भिजत घालून एक सकाळ द्यावी. आकाराजे हा बाहियातील वडा त्यांचाच: साली चोळून काढाव्यात, कमीत कमी पाण्यात वाटावे, कांदा व मीठ घालून लाकडी डावाने पीठ हलके होईपर्यंत फेटावे आणि तळावे. मूळ पदार्थ तांबड्या पामतेलात तळतात; ते न मिळाल्यास खोबरेल वापरावे, पण चव बदलली हे जेवताना सांगावे. हा यान्सां या ओरिशाचा नैवेद्यही आहे, तेही पंगतीत सांगावे.

शेवटच्या संध्याकाळी गावातील घुमट आरतीच्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावर आरत्या गाणाऱ्या, मंडळाला रीतसर मानधन देऊन बोलवावे. दोन्ही मंडळींनी आपापले वाजवावे, दुसऱ्याचे ऐकावे. मिसळून काही बसवण्याची घाई करू नये. पाहुणे जेवायला बसले की प्रत्येक बेरिंबाउची तार उतरवून काठी सैल करावी, नाहीतर तिचा ताण जातो, आणि भोपळे वेगळे गुंडाळून ठेवावेत.