स्केल मॉडेल गाडीवर खरंखुरं वाटणारं व्हिनाइल रूफ: मेडिकलचा टेप, मॅट ब्लॅक आणि आपलं खान्देशचं ऊन

व्हिनाइल रूफ म्हणजे छतावर मॅट काळा मारला की झालं, असं नसतं भो. बॉडी एकदम चकाचक पॉलिश केलेली, चाकं मस्त, आतला डॅशबोर्डसुद्धा मन लावून रंगवलेला आणि छत मात्र नुसतं सपाट काळंकुट्ट, असे मॉडेल बघितले की जीव हळहळतो, कारण साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या अमेरिकन गाड्यांची अर्धी शान त्या छतातच असते. आणि हे काम अवघड नाहीये, महागडं सामानही लागत नाही, जळगाव-भुसावळ-धुळ्यात बसून मेडिकल आणि हार्डवेअरच्या दुकानातल्या वस्तूंवर आरामात होतं.

आधी खरी वस्तू काय होती ते डोक्यात बसवा. लोखंडी पत्र्याच्या छतावर व्हिनाइलचं, म्हणजे रेक्झिनसारखं प्लॅस्टिकचा थर असलेलं कापड चिकटवायचे, म्हणजे गाडी कन्व्हर्टिबलसारखी, कापडी हूड असलेली दिसावी. म्हणूनच त्यावर कापडी हूडसारखे शिलाईचे जोड असायचे, बहुतेक गाड्यांवर पुढून मागे जाणारे दोन, आणि छताचे तीन भाग पडायचे. प्लायमाउथ सुपरबर्डची गोष्ट तर वेगळीच आहे, १९७० च्या त्या गाडीला मागच्या काचेभोवती जादा पत्रा वेल्ड केलेला होता आणि ते सांधे घासून फिनिश करत बसण्यापेक्षा कंपनीने सरळ वरून व्हिनाइल टाकून झाकले, म्हणून सुपरबर्ड बनवत असाल तर व्हिनाइल पाहिजेच. चार्जर, बॅराकुडा, मस्टँग यांना ते ऑप्शनल होतं, तर तुमच्या वर्षाच्या गाडीचे फोटो बघून मग ठरवा, जोड नेमके कुठून जातात आणि मागच्या खांबावर (मागच्या काचेच्या बाजूला छताला आधार देणारा भाग) व्हिनाइल कुठे संपतं तेही त्याच फोटोंत बघून ठेवा.

आता साइजचा हिशोब, हा नीट वाचा कारण सगळं यावरच आहे. खऱ्या व्हिनाइलचा दाणा, म्हणजे वरचा खरखरीत पोत, एक मिलिमीटरचा धरला तरी १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोवीस पट लहान मॉडेलवर, तो ०.०४ मिलिमीटर होतो, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा बारीक. एवढा दाणा डोळ्याला दिसतच नाही! त्यामुळे सॅंडपेपर चिकटवणं, रांगोळी किंवा बारीक रेती कलरमध्ये मिसळणं असले उपाय करू नका, छत डांबरी रस्त्यासारखं दिसायला लागतं. डोळ्याला खरं पटवतात त्या तीन गोष्टी, शिलाईचे जोड, अर्धवट चमक आणि कडेची स्वच्छ रेघ. दाणा फक्त इतकाच हवा की उजेड त्यावर पसरून पडला पाहिजे.

खरी व्हिनाइल रूफवाली गाडी आपल्याकडे रस्त्यात दिसणं मुश्किल, पण ऑटो स्टँडवर जाऊन दोन-चार वर्षं जुन्या रिक्षांचे रेक्झिनचे हूड बघा, अगदी जवळून. काळं रेक्झिन आपल्या उन्हात काळं राहतच नाही, वरचा भाग राखाडी होतो, जोडाच्या कडेला आणि खाली वळणाच्या जागी मूळ काळा टिकतो, शिलाईच्या खाचेत धूळ बसते, आणि जिथे रोज हात लागतो तिथे गुळगुळीत चमक येते. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कलर करताना समोर ठेवायला इतका चांगला रेफरन्स दुसरा नाही.

सामान सांगतो. मायक्रोपोर, म्हणजे मेडिकलमध्ये मिळतो तो ड्रेसिंगचा पांढरा कागदी टेप, तीन इंची रोल मिळाला तर उत्तम. १:२४ मध्ये छताची रुंदी साधारण पाच सेंटिमीटर येते, त्यामुळे तीन इंचीतून कुठलाही तुकडा अखंड निघतो. नवीन ब्लेड, एक हजार नंबरचा वॉटर पेपर, चांगला मास्किंग टेप, इअरबड, फेव्हिक्विक, मॅट ब्लॅकचा स्प्रे कॅन किंवा एअरब्रश असेल तर ॲक्रिलिक मॅट ब्लॅक, मॅट क्लिअर (पारदर्शक कोट), थोडा राखाडी आणि थोडा ब्राऊन. बस.

बॉडीचा कलर, क्लिअर आणि पॉलिश आधी पूर्ण उरकून घ्या आणि कडक वाळू द्या, छत सगळ्यात शेवटी. मग फक्त छतावर वॉटर पेपर हलका फिरवून चमक मारा, पुसून घ्या, आणि पेन्सिलने बरोबर मधोमध पुढून मागे रेघ काढा. या रेघेपासून दोन्ही बाजूंना सारखं अंतर मोजून जोडाच्या रेघा काढायच्या. जोड एका बाजूला अर्धा मिलिमीटर जरी सरकला ना, तरी समोरून बघताना गाडी वाकडी वाटते, म्हणून इथे घाई नको.

बाजूचे दोन तुकडे आधी चिकटवायचे. मागच्या खांबावरून खाली उतरणारा भाग बऱ्याच गाड्यांवर याच तुकड्यात येतो, तर आधी साध्या कागदाचं फर्मा कापून बसवून बघा, बसला की त्यावरून टेप कापा. टेपची चिकट बाजू एकदा लागली की उचलून परत लावला तर तंतू ओढले जातात आणि तिथे कलरनंतर दाढीसारखे केस दिसतात. मग मधला तुकडा, तो दोन्ही बाजूंच्या तुकड्यांवर साधारण अर्धा मिलिमीटर चढवायचा. खऱ्या गाडीवर सेंटिमीटरभर रुंदीचा जोड असतो, त्याचं १:२४ मध्ये एवढंच होतं, आणि टेपच्या जाडीने जी उंची येते ती अगदी शिलाईसारखी दिसते. काही गाड्यांवर जोड जास्त उठून दिसतो, तिथे जोडाच्या रेघेवर आधी शिवणाचा बारीक दोरा ताणून चिकटवा आणि मग टेप.

दाबायचं इअरबडने, नखाने नाही, नखाने दाणा चेपला जातो आणि तेवढाच पट्टा चमकतो. हवेचा फुगा राहिला तर सुईने टोचून बड फिरवा. कड कापताना किटवर क्रोम पट्टीसाठी जी रेघ असते तिच्यात ब्लेडचं टोक ठेवून हलक्या हाताने दोनदा-तीनदा चालवा, एकदाच जोर लावला तर ब्लेड रेघेतून उडून पॉलिश केलेल्या बॉडीवर जातं. सगळी कड टूथपिकने फेव्हिक्विकचा अगदी बारीक थेंब लावून बंद करा, आणि हे काम काचा आणि क्रोमचे पार्ट बसवायच्या आधीच करा, कारण फेव्हिक्विकच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरा धुरकट थर बसतो आणि तो सहजासहजी जात नाही.

कलर मारताना बॉडी नीट झाका, कडेला मास्किंग टेप आणि बाकी पेपर, चाकांच्या कमानीतून आणि खिडक्यांतून फवारा आत जातो तिथेही पेपर कोंबा. पहिले दोन-तीन हात इतके हलके मारा की पांढरा टेप खालून दिसत राहिला पाहिजे. एकाच हातात गच्च ओला मारला तर दोन नुकसान होतात, दाणा भरून सपाट होतो आणि स्प्रेमधला थिनर टेपच्या गोंदापर्यंत पोचून कडा उचलतो.

टेप नकोच असेल तर दुसरी पद्धत आहे ड्राय स्प्रे, आणि यात आपलं ऊन खरंच कामाला येतं. एरवी कॅन वीस-पंचवीस सेंटिमीटरवर धरतात, इथे चाळीस-पन्नासवर धरायचा, म्हणजे कलरचे कण हवेतच अर्धे सुकतात आणि छतावर बारीक दाण्यासारखे बसतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो तेव्हा तर तीस-पस्तीस सेंटिमीटरवरूनच दाणा पडायला लागतो, म्हणून आधी जुन्या डब्यावर किंवा प्लॅस्टिकच्या चमच्यावर ट्रायल घ्या, दिवसागणिक अंतर बदलतं. दाणा ओबडधोबड झाला तर वाळल्यावर वॉटर पेपर अगदी हलका फिरवून टोकं मोडा. या पद्धतीत जोड आपोआप येत नाहीत, ते स्प्रेच्या आधी दोरा किंवा टेपची अर्ध्या मिलिमीटरची पट्टी लावून करावेच लागतात.

पावसाळ्यात मात्र हे काम टाळलेलं बरं. दमट हवेत लॅकरचा स्प्रे मारला की कलरवर पांढुरकी झाक येते, तर उघडीप मिळेल त्या दिवशी दुपारी मारा. उन्हाळ्यात कूलर बंद करून मारा, तो ओलावाही फेकतो आणि धूळही उडवतो. आणि कापसाच्या सीझनला जिनिंगच्या आसपास राहत असाल तर दार-खिडक्या लावून, मॉडेलवर मोठं खोकं उलटं घालून वाळवा, कारण हवेत तरंगणारा कापसाचा तंतू ओल्या कलरवर बसला की सुईने काढताना दाणा खराब होतो. कॅन गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवू नका, त्यावरच लिहिलेलं असतं की पन्नास डिग्रीच्या वर तापवू नये, आणि आपल्याकडे उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून सहज त्याच्या वर जाते. तोंडाला मास्क लावा, जवळपास गॅस पेटलेला नको.

शुद्ध काळा खेळण्यासारखा दिसतो. मॅट ब्लॅकमध्ये थोडा राखाडी आणि नावाला ब्राऊन टाकला की उन्हातलं व्हिनाइल वाटतं, पांढरं छत असेल तर पांढऱ्यात चिमूटभर बदामी. स्प्रे कॅनचा काळा असेल तर वाळल्यावर जरा फिक्या राखाडी कलरमध्ये ब्रश बुडवून कागदावर जवळपास पूर्ण पुसून घ्यायचा आणि जोडांवरून व वरच्या भागावरून अलगद फिरवायचा, यालाच ड्राय ब्रश म्हणतात, जोड लगेच उठून येतात. नवी कोरी शोरूममधली गाडी दाखवायची असेल तर हे सगळं निम्म्यावर ठेवा.

चमकेकडे नीट लक्ष द्या. नवं व्हिनाइल ना पूर्ण मॅट असतं ना ग्लॉस. मॅट कलर पूर्ण वाळला की जुन्या सुती बनियनच्या मऊ कापडाने छत हळूहळू घासा, उंच टोकांवर मंद झळाळी येते आणि खाचा मॅट राहतात. मला हीच पद्धत सगळ्यात खरी वाटते, क्लिअर मारून ही मजा येत नाही. मॅट क्लिअर फक्त पुसट ड्राय ब्रश टिकवायचा असेल तेव्हा घासायच्या आधी एक हात.

शेवटी क्रोमची पट्टी, तिच्याशिवाय छत अर्धवट दिसतं. बेअर मेटल फॉइल, म्हणजे मागून चिकट असलेला धातूचा अगदी पातळ कागद, ऑनलाइन मिळतं, ते कडेच्या रेघेवर टाकून इअरबडने घासून बसवा आणि नव्या ब्लेडने कापा. फॉइल नसेल तर क्रोम मार्कर चालतो, पण त्यावर परत बोट लावू नका, चमक उतरते. टेपची कड कुठे थोडी खरबरीत राहिली असेल तर ती या पट्टीखाली झाकली जाते.

१:६४ च्या डायकास्टवर, म्हणजे धातूच्या ओतीव छोट्या गाड्यांवर, टेप वापरू नका, तिथे त्याची जाडीच बॉडीपेक्षा मोठी वाटते. छत घासून मॅट ब्लॅकचे दोन हलके हात, पूर्ण वाळल्यावर टोकदार पेन्सिलने पट्टी धरून जोडाच्या दोन रेघा, आणि कापडाने एकदा घासणं, एवढ्यात होतं. १:१८ वर मात्र मायक्रोपोरच वापरा, तिथे दाणा दिसायला जागा आहे आणि जोडाखाली दोरा टाकलाच पाहिजे.