बोट्युलिनम टॉक्सिन, त्वचा आणि केस : संशोधनाचा कल कसा वाचावा

बेळगाव, निपाणी किंवा चिकोडी येथील ब्युटी पार्लरच्या दरपत्रकावर 'हेअर बोटॉक्स' असे लिहिलेले दिसले, तर त्याचा या लेखाच्या विषयाशी, म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिन (बोटॉक्स) या औषधाशी, संबंध नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. त्या उपचारात केसांवर लेप लावला जातो आणि त्यात बोट्युलिनम टॉक्सिन नसते. खरे औषध इंजेक्शनने दिले जाते. ते मज्जातंतूंच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन हे संदेश पोहोचवणारे रसायन बाहेर पडू देत नाही, त्यामुळे स्नायू सैल होतात आणि घामाच्या ग्रंथींना मिळणारा संदेश थांबतो.

संशोधन शोधण्यासाठी पबमेड हे वैद्यकीय निबंधांचे विनामूल्य संकेतस्थळ उघडावे आणि 'botulinum toxin' या शब्दांबरोबर एका वेळी एकाच विकाराचे इंग्रजी नाव टाकावे. निकालांच्या बाजूला वर्षवार आलेख दिसतो. तो चढता असला, तरी तेवढ्यावर उपचार सिद्ध झाला असे मानू नये, कारण त्या आकड्यात एकेका रुग्णाचे वृत्तांत, आढावे आणि संपादकांना लिहिलेली पत्रेही मोजली जातात. म्हणून लेखाच्या प्रकारात यादृच्छिक नियंत्रित चाचणी (Randomized Controlled Trial, म्हणजे रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागून केलेली तुलना) निवडावी आणि यादी किती आखडते ते पाहावे. माझ्या मते खरी माहिती या फरकातच असते.

काखेतील अतिघामाबाबत ही यादी भक्कम राहते. अमेरिकेत या औषधाला भुवयांमधील आठ्यांसाठी २००२ मध्ये आणि काखेतील तीव्र अतिघामासाठी २००४ मध्ये मान्यता मिळाली, आणि घामावरील परिणाम साधारण ६ महिने टिकतो. तळहातांबाबतचे निबंध वाचताना मात्र दुष्परिणामांचा तक्ता आधी पाहावा, कारण तेथे इंजेक्शननंतर बोटांची पकड काही काळ कमजोर होऊ शकते. बेळगावातील शहापूर-वडगावच्या विणकराला ही बाब किरकोळ नाही.

केसगळतीबाबत चित्र वेगळे आहे. २०१० च्या एका प्रारंभिक अभ्यासात टक्कल पडू लागलेल्या ५० पुरुषांच्या टाळूभोवतीच्या स्नायूंत प्रत्येकी १५० युनिट औषध देण्यात आले आणि अभ्यास पूर्ण करणाऱ्या ४० जणांत केसांची संख्या सरासरी १८ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले गेले. स्नायू सैल झाल्याने टाळूचा रक्तपुरवठा सुधारतो, असा त्यामागचा तर्क होता. परंतु तुलनेसाठी औषध न दिलेला गट नव्हता, म्हणून हा निष्कर्ष नव्या चाचणीचे निमित्त ठरतो, उपचाराचा आधार नव्हे. केलॉइड (मूळ जखमेच्या बाहेर पसरणारा जाड व्रण) आणि वाढलेल्या व्रणांवर तुलनात्मक चाचण्या झाल्या आहेत, पण त्या लहान आहेत. चेहऱ्याची लाली व तेलकटपणा यांवरील कामही बहुतांशी याच पायरीवर आहे.

कोणताही निबंध वाचताना रुग्णसंख्या, तुलनेचा गट, पाठपुराव्याचा काळ आणि निधी कोणी दिला, एवढे टिपून ठेवावे. मात्रांची तुलना करताना औषधाचे व्यापारी नाव पाहावे. एका कंपनीचे युनिट दुसरीच्या युनिटाइतके नसते. भारतात सुरू असलेल्या चाचण्या सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत शोधता येतात, आणि बेळगाव किंवा कोल्हापूर येथील त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना निवडलेल्या दोन-तीन निबंधांचे सारांश छापून नेल्यास आपला विकार त्या अभ्यासातील रुग्णांसारखाच आहे का, हे थेट विचारता येते. गर्भवती स्त्रियांनी आणि मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूदौर्बल्याचा आजार असलेल्यांनी ते या भेटीत सर्वांत आधी सांगावे.